आंद्रेआस श्ल्युटर : मूर्तिकाराच्या हाती दिलेला राजवाडा

चंद्रशिला

१७०६ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या राजवाड्याच्या कोपऱ्यावरचा एक अर्धवट मनोरा घाईघाईने उतरवायला घेतला. मनोऱ्याला तडे गेले होते, तो कलला होता आणि कधी कोसळेल याचा नेम नव्हता. तो बांधणारा आंद्रेआस श्ल्युटर त्या वेळी प्रशियाच्या दरबारातला सगळ्यात मोठा कलावंत होता. राजवाडा त्याचा, पुलावरचा पुतळा त्याचा, कला अकादमीचं संचालकपदही त्याने सांभाळलेलं. या मनोऱ्याने त्याचं वास्तुकाराचं पद घालवलं आणि पुढच्या आठ वर्षांत तो परमुलखात वारला.

या माणसाबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. श्ल्युटर हाडाचा मूर्तिकार. त्याच्या इमारतीही मूर्तिकाराच्या नजरेतून उतरल्या, म्हणून त्यांच्या भिंती जिवंत वाटतात. पण दरबाराने त्याच्यावर एकाच वेळी इतकी कामं टाकली, आणि तीही अशा घाईने, की कुठेतरी काहीतरी खचणारच होतं. सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

त्याचा जन्म १६६० च्या आसपासचा. उमेदीची वर्षं बाल्टिक किनाऱ्यावरच्या दान्त्सिगमध्ये, म्हणजे आजच्या ग्दान्स्कमध्ये गेली आणि नाव झालं ते पोलंडमध्ये. १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठवणारा राजा यान सोबिएस्की आणि त्याच्या भोवतीचे सरदार तेव्हा जोरात बांधकामं काढत होते. वॉर्सातल्या क्रासिन्स्की वाड्याच्या त्रिकोणी शिखरपट्टीतलं शिल्पकाम श्ल्युटरचं. सोबिएस्कीच्या घराण्याच्या समाध्या त्याने झोव्क्वा गावातल्या चर्चमध्ये घडवल्या, ते गाव आज युक्रेनमध्ये ल्विवजवळ येतं. तिथपर्यंत तो फक्त शिल्पकार होता. दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींना सजवायचं, एवढंच काम.

१६९४ साली ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) फ्रीडरिश तिसरा याने त्याला दरबारी शिल्पकार म्हणून बर्लिनला बोलावलं. या फ्रीडरिशला राजा व्हायचं होतं. पवित्र रोमन साम्राज्यात त्याच्यासारखे बरेच राज्यकर्ते होते, पण राजेपद मिळवायचं तर सम्राटाची संमती हवी, आणि राजा म्हणून शोभेल अशी राजधानीही हवी. बर्लिन तेव्हा लहानसं, वाळूवर वसलेलं, नदीकाठचं गाव होतं. त्याला राजधानीचं रूप द्यायचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांत श्ल्युटर सर्वांत पुढे होता. १६९६ मध्ये त्याला इटलीला पाठवलं. परत आला तो रोम डोळ्यांत साठवूनच, आणि ते पुढे राजवाड्याच्या प्रत्येक दर्शनी भिंतीवर दिसलं.

बर्लिनमधलं त्याचं पहिलं मोठं काम शस्त्रागारावरचं. उंटर डेन लिंडेन रस्त्यावरची ही इमारत नेरिंग नावाच्या वास्तुकाराने १६९५ मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षी तो वारला. श्ल्युटरकडे कमानींच्या माथ्यावरच्या दगडांचं काम आलं. बाहेरच्या बाजूला त्याने शिरस्त्राणं कोरली, पिसं, पशूंची मुखं, वेलबुट्टी असलेली, अगदी मिरवणुकीच्या थाटाची. आत चौकात गेलं की खिडक्यांच्या माथ्यावर मरणाऱ्या योद्ध्यांची २२ मस्तकं आहेत. कुणाचं तोंड वासलेलं, कुणाच्या भुवया वेदनेने वर ओढलेल्या, कुणाचे डोळे नुसते मिटत चाललेले. वाळूच्या दगडात गालाची ढिली पडलेली कातडी दिसते. दोन मस्तकं एकसारखी नाहीत. तोफा ठेवायच्या इमारतीच्या पोटात हे कोरायचं त्याला सुचलं आणि ते राजाने ठेवू दिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मग १६९८-९९ मध्ये राजवाड्याचं काम त्याच्याकडे आलं. जुना राजवाडा वेगवेगळ्या काळात, वाढेल तसा वाढवलेला होता. श्ल्युटरने त्याला एकसंध रूप दिलं. भव्य दारं, आतल्या चौकाभोवती उंच स्तंभ, त्यांच्या डोक्यावर माणसापेक्षा मोठे पुतळे, आणि प्रचंड जिना. सिंहासनाच्या दालनात चारही दारांच्या माथ्यावर चार खंडांची शिल्पं होती. १८ जानेवारी १७०१ रोजी फ्रीडरिशने क्योनिग्सबर्गमध्ये, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादमध्ये, स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला आणि तो प्रशियाचा पहिला राजा झाला. बर्लिनचा राजवाडा तेव्हा पुरा झालेला नव्हता. यापुढची सगळी घाई त्यातून आली.

आता मनोऱ्याकडे. राजवाड्याच्या वायव्य कोपऱ्यावर, टांकसाळीजवळ, पाण्याचा एक जुना बुरूज होता. राजाला तिथे नव्वद मीटरहून उंच मनोरा हवा होता, वर पाण्याची टाकी आणि हॉलंडमध्ये असतो तसा सुरेल घंटांचा संच. श्ल्युटरने जुन्या बुरुजावरच काम चढवलं. भेगा दिसू लागल्या तशी त्याने भोवताली जाड भिंत घातली, लोखंडी पट्ट्या आवळल्या. कल थांबला नाही. शेवटी तज्ज्ञांची समिती बसली. त्यात गणिताचा प्राध्यापक श्टुर्म होता आणि श्ल्युटरचा प्रतिस्पर्धी एओझांडरही होता. मनोरा उतरवला गेला, राजवाड्याचं काम एओझांडरकडे गेलं, श्ल्युटर दरबारी शिल्पकार म्हणून राहिला.

त्यानंतरही त्याने काम सोडलं नाही, हे महत्त्वाचं. १७११-१२ मध्ये कामेके नावाच्या मंत्र्यासाठी त्याने एक लहानसा वाडा बांधला, त्याच्या छपरावरच्या नाचऱ्या मूर्ती आज बोडे संग्रहालयात आहेत. १७१३ च्या फेब्रुवारीत राजा वारला. त्याच्या शवपेटीचं शिल्पही श्ल्युटरचंच. नवा राजा काटकसरी निघाला, दरबारी कलावंतांचं बस्तान उठलं. श्ल्युटर रशियाचा झार पीटर द ग्रेटच्या बोलावण्यावरून सेंट पीटर्सबर्गला गेला आणि १७१४ मध्ये तिथेच वारला.

तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

सुंदर लेख, चंद्रशिलाताई. मरणाऱ्या योद्ध्यांचे फोटो पाहिले होते, पण ते कोणी केले हे माहीत नव्हतं. ही मस्तकं म्हणजे युद्धाविरुद्धचं विधान मानायचं का? राजाच्या शस्त्रागारात असं काही करणं म्हणजे मोठंच धाडस.

जुनापुराणा

रानवाट, तसं वाचण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण मला तो अर्थ नंतरच्या काळाने घातलेला वाटतो. त्या काळातल्या शस्त्रागारावर हरलेल्या शत्रूचं मुंडकं दाखवणं हा विजयाचाच भाग होता. बाहेर विजेत्याचं शिरस्त्राण, आत पराभूताचं मस्तक, अशी ती जोडी आहे. राजाला यात काही खटकायचं कारणच नव्हतं.

चंद्रशिला

जुनापुराणा, जोडीचा मुद्दा एकदम मान्य. दरबाराने ती विजयचिन्हं म्हणूनच मंजूर केली असणार. पण विजयचिन्हच करायचं तर एक ठरावीक चेहरा घेऊन २२ वेळा कोरता आला असता. इथे प्रत्येकाचं मरण वेगळं आहे. एकाचं वय झालेलं आहे, दुसरा जेमतेम मिसरूड फुटलेला. मागणी शत्रूच्या मुंडक्यांची होती आणि श्ल्युटरने माणसं कोरली. याला मी युद्धविरोध म्हणणार नाही, त्याचा हात मात्र खोटं कोरू शकला नाही असं नक्की म्हणेन.

रानवाट

पटलं. आता फोटो पुन्हा मोठे करून बघते.

खडीवाला

मी पाया आणि जमिनीच्या कामातला सिव्हिल इंजिनिअर, ठाण्यात. मनोऱ्याबद्दल थोडं लिहितो, कारण आमच्या धंद्यात असे प्रसंग आजही घडतात.

बर्लिनची जमीन म्हणजे वाळू, मध्येमध्ये कुजलेल्या वनस्पतींचे मऊ थर, आणि पाणी अगदी वर. नदीकाठी तर जास्तच. दबलेली वाळू भार चांगला घेते. पण तिच्याखाली किंवा एका बाजूला तो मऊ थर असेल तर तो हळूहळू दबत जातो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. एक बाजू जास्त बसली की इमारत कलते. उंच मनोऱ्यात हे आणखी वाईट, कारण कलला की भार त्याच बाजूला वाढतो आणि ती बाजू अजून बसते.

आता जुन्या बुरुजाचा पाया त्या बुरुजाच्या उंचीपुरता होता. त्यावर काही पटींनी उंच काम चढवलं. तडे गेल्यावर भोवती जाड भिंत घातली. भिंतीच्या दृष्टीने हा इलाज बरोबर दिसतो, पण त्या भिंतीचं वजनही शेवटी त्याच जमिनीवर गेलं. रोग पायात आणि लेप डोक्याला, असा प्रकार झाला. लोखंडी पट्ट्या भिंत फुटू देत नाहीत, पण जमीन बसायची थांबवत नाहीत.

त्याला दोष द्यावा का? मी अर्धा देईन. जमिनीचं शास्त्र नीट मांडलं गेलं ते १९२५ मध्ये, तेर्त्साघीच्या पुस्तकाने. त्याआधी सगळा भरवसा अनुभवावर, खुंट ठोकून बघण्यावर. पण म्हणूनच अनुभवी बांधकामवाला जुन्या पायावर नवा उंच मनोरा चढवायला सहसा तयार झाला नसता. आधी जुना बुरूज पाडून नवा पाया घ्या, दोन-तीन वर्षं जास्त लागतील, असं राजाला सांगायला हवं होतं. शस्त्रागारातही १६९९ मध्ये बांधकामाचा काही भाग कोसळला आणि ते काम त्याच्याकडून काढून जाँ द बोद्तला दिलं, हेही विसरता येत नाही. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं. इथे दोनदा झालं.

चंद्रशिला

खडीवाला, फार मोलाचा प्रतिसाद. पण एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. बर्लिनच्या मारिएनकिर्श या मध्ययुगीन चर्चमध्ये श्ल्युटरने १७०३ मध्ये व्यासपीठ केलं. पाद्री उभा राहून प्रवचन देतो ते. जागा त्याला एका जाड दगडी खांबाशी हवी होती. त्याने त्या खांबाचा खालचा भाग काढून टाकला, त्याच्या जागी चार सडपातळ स्तंभ दिले आणि व्यासपीठ त्यांच्यामध्ये बसवलं. वरच्या खांबाचा आणि छताचा भार त्या चार स्तंभांवर घेतला. ज्याला भाराची समज नाही त्याचं हे काम नव्हे.

खडीवाला

हे माहीत नव्हतं, आणि हे सोपं काम अजिबात नाही. खांब कापताना वरचा सगळा भार तात्पुरत्या टेक्यांवर घ्यावा लागतो, मग नवे स्तंभ बसवून टेके सैल करायचे. एखाद-दोन सूत हललं तरी वरच्या कमानीला तडा. आज आम्ही हे जॅक लावून करतो आणि तरीही त्या दिवशी साइटवर कोणी मोठ्याने बोलत नाही.

पण बघा, इथला पाया शेकडो वर्षांपूर्वीच बसून घट्ट झालेला होता. भार तेवढाच राहिला, फक्त वरचा आधार बदलला. दगडात भार कसा उतरतो हे त्याला उत्तम कळत होतं. दगडकाम करणाऱ्याला ते हातानेच कळतं. जमिनीखालचं मात्र हाताला लागत नाही. तेव्हा तुमचं मूळ म्हणणं मी असं मांडेन: जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं त्यात हा माणूस चुकत नव्हता.

चंद्रशिला

हे मी लेखात लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे.

ओतारी

इथे पुतळ्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो. जे.जे.मधून शिल्पकला केली, आता ओतकामातच आहे.

चंद्रशिलाताईंनी उल्लेख केलेला पुलावरचा पुतळा म्हणजे राजाच्या वडिलांचा, ज्याला ते महान इलेक्टर म्हणतात त्या फ्रीडरिश विल्हेल्मचा अश्वारूढ पुतळा. श्ल्युटरने घडवला, योहान याकोबीने १७०० मध्ये ओतला, १७०३ मध्ये पुलावर बसवला. घोडा आणि स्वार एकाच ओतणीत. याकोबी हे पॅरिसमध्ये शिकून आला होता, तिथे केलरच्या भट्टीत चौदाव्या लुईचा प्रचंड अश्वारूढ पुतळा असाच एका ओतणीत झाला होता. तो लुईचा पुतळा क्रांतीत १७९२ मध्ये फोडला गेला. बर्लिनचा टिकला.

एका ओतणीत म्हणजे काय, हे ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी आतला गाभा, त्यावर मेणाचा थर, जेवढी धातूची जाडी हवी तेवढा. मेणावर शेवटचा हात शिल्पकाराचा. मग मेणाच्याच नळ्या जोडायच्या, काही रस आत जायला, काही हवा बाहेर यायला. वरून मातीचे थर, आधी अगदी मऊ गाळलेले, मग जाड. लोखंडाने आवळायचं, खड्ड्यात पुरायचं, मेण वितळवून काढायचं, साचा भाजून पूर्ण कोरडा करायचा. आत ओलावा राहिला तर रस ओतताना वाफ होऊन साचा फुटतो. आणि मग एकदाच, न थांबता, सगळा रस. मध्ये धार तुटली की तिथे सांधा पडतो. हवा कुठे अडकली तर नाक नाही, बोट नाही, लगाम नाही. पुन्हा सुरुवातीपासून, कारण मेण गेलेलं असतं.

घोड्याचे पाय बारीक आणि सगळ्यात खाली, धड जाड आणि वर. जाड भाग उशिरा थंड होतो, बारीक लवकर. हे सगळं नळ्यांच्या मांडणीत आधीच धरावं लागतं. म्हणून तुकड्यांत ओतून जोडणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि बहुतेक सगळे तोच घेतात.

आपल्याकडे हे धाडस विनायक पांडुरंग करमरकरांनी केलं. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, एकसंध ओतलेला आहे, मुंबईत माझगावला. दोन्ही पुतळ्यांत घोडा चालता आहे, उधळलेला नाही. तो चालण्याचा ताल ज्याला सापडला त्याला घोडा कळला. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं.

काजळमाया

ओतारीदादा, अंगावर काटा आला वाचताना. बर्लिनच्या पुतळ्याच्या पायाशी साखळदंडातली चार माणसं दिसतात, तीही त्याच ओतणीतली का?

ओतारी

नाही, ती नंतरची, १७०८-०९ ची. कल्पना श्ल्युटरची, घडवली दुसऱ्या शिल्पकारांनी. त्यामुळे वरचा घोडा आणि खालची माणसं यांच्या हातात थोडा फरक जाणवतो. मला वरचं काम जास्त भावतं. खालच्या माणसांचे स्नायू जरा जास्तच ताणलेले आहेत.

जुनापुराणा

घाईचा मुद्दा चंद्रशिलाताईंनी मांडला, त्याला दरबाराची बाजू जोडतो.

दरबारी वास्तुकार म्हणजे आजच्या अर्थाने नोकरही नाही आणि स्वतंत्र व्यावसायिकही नाही. त्याचं सगळं अस्तित्व एका माणसाच्या मर्जीवर, आणि ती मर्जी आणखी दोन-तीन माणसांच्या हातात. श्ल्युटर बर्लिनला आला तेव्हा दांकेलमान हा मंत्री सर्वेसर्वा होता. राजाला लहानपणापासून शिकवलेला माणूस. १६९७ मध्ये त्याच्यावर राजाची खप्पा मर्जी झाली, तो तुरुंगात गेला, मालमत्ता जप्त झाली. मग वार्टेनबर्ग वर आला. श्ल्युटरने त्याच्यासाठीही वाडा बांधला, पुढे तिथे टपाल कार्यालय झालं आणि १८८९ मध्ये तो वाडा पाडला गेला. वार्टेनबर्गही १७११ पर्यंत पडला. ज्या दरबारात राजाच्या गुरूची ही गत, तिथे वास्तुकाराने राजाला ‘अजून तीन वर्षं थांबा’ सांगावं ही अपेक्षा खडीवाला करतात. ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण मला ती त्या माणसावर अन्याय करणारी वाटते. मुकुट १७०१ चा. राजाला आपला मनोरा आपल्या हयातीत हवा होता.

आणि घरातलं वैर होतं ते वेगळंच. एओझांडर हा राणी सोफी शार्लोटच्या मर्जीतला. समितीत प्रतिस्पर्धीच न्यायाला बसला तर निकाल काय लागणार?

खडीवाला

जुनापुराणा, समितीत प्रतिस्पर्धी होता हे वाईटच. पण मनोरा खरोखर कलला होता, हे समितीने ठरवलेलं नव्हतं. तो पडला असता तर खालची माणसं मेली असती. उतरवण्याचा निर्णय योग्य होता, इतकं तरी मान्य करा.

जुनापुराणा

ते मान्य. उतरवणं योग्य. त्याची राजवाड्यावरून उचलबांगडी करणं मला अयोग्य वाटतं. राजवाड्याच्या भिंतींना काहीही झालेलं नव्हतं.

चंद्रशिला

आणि त्या भिंतींना पुढेही काही झालं नाही. राजवाडा अडीचशे वर्षं उभा राहिला. एओझांडरने तो पश्चिमेकडे वाढवला, रोमच्या विजयकमानीसारखं दार केलं, पण रस्त्यावरून दिसणारी शैली श्ल्युटरचीच चालू ठेवली. प्रतिस्पर्ध्यालाही तिच्याहून चांगलं काही सुचलं नाही, यापेक्षा मोठी पावती कोणती?

मोरपंखी

पण आज तिथे जे उभं आहे ते मूळ नाही ना? आम्ही गेल्या उन्हाळ्यात पाहिलं, फारच नवं-नवं वाटलं. खरं सांगायचं तर माझं मन लागलं नाही. नक्कल कितीही चांगली असली तरी तिच्यासमोर मान लवत नाही.

चंद्रशिला

मूळ नाही. ३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळला. भिंती बहुतांशी उभ्या होत्या, दुरुस्त करता आला असता. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये तो सुरुंग लावून उडवला. तिथे १९७६ मध्ये प्रजासत्ताकाचा महाल उभा राहिला, तोही पुढे पाडला. २००२ मध्ये संसदेने जुन्या रूपात बांधायचं ठरवलं आणि इटलीच्या फ्रांको स्टेलाच्या आराखड्यानुसार आजचं हुम्बोल्ट फोरम झालं. बाहेरच्या तीन बाजू आणि आतल्या श्ल्युटर चौकाच्या तीन बाजू जुन्यासारख्या, बाकी स्पष्टपणे आधुनिक.

मोरपंखी, नवेपणाचं तुमचं म्हणणं मला कळतं. पण काम कसं झालं तेही सांगते. एकोणिसाव्या शतकात मायडनबाउअरने इमारतींचे मोजमाप काढता येईल असे फोटो घेण्याची पद्धत बसवली होती. त्या फोटोंवरून आणि वाचलेल्या तुकड्यांवरून श्पांडाऊच्या कार्यशाळेत शिल्पकारांनी प्रत्येक आकृती आधी मातीत केली, मग प्लास्टरमध्ये, आणि शेवटी वाळूच्या दगडात. तिथे लोकांना पुन्हा छिन्नी हातात घ्यावी लागली, श्ल्युटरचा घाट हाताने शोधावा लागला. चौकातले १९५० मध्ये वाचवलेले काही मूळ पुतळे आत दालनात ठेवले आहेत. ते आणि बाहेरचे नवे असे एकाच दिवशी पाहता येतात. मला तो अनुभव अपुरा वाटला नाही.

मोरपंखी

मूळ पुतळे आत आहेत हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पुन्हा गेले तर तिथून सुरुवात करेन. नकलेबद्दलचं मत मात्र माझं कायम आहे.

काजळमाया

बाहेर सांचीच्या तोरणाची प्रतिकृती उभी आहे तीच का ही जागा? तिचे फोटो पाहिले होते.

चंद्रशिला

हो, तीच. सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती २०२२ च्या डिसेंबरपासून तिथे आहे. आत आशियाई कलेचं संग्रहालय आहे, त्या निमित्ताने. एका बाजूला श्ल्युटरचे स्तंभ आणि समोर सांचीची यक्षी, दोन्ही वाळूच्या दगडात.

पाऊलखुणा

अंबर खोलीशी याचा संबंध आहे असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

जुनापुराणा

आहे. अंबर म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावर मिळणारा पिवळा जीवाश्म राळ. त्याच्या पट्ट्यांनी भिंती मढवायची कल्पना बर्लिनच्या दरबारात १७०१ च्या सुमारास पुढे आली, आणि मूळ आराखड्याचं श्रेय श्ल्युटरला देतात. काम आधी वोल्फ्रामकडे, नंतर दान्त्सिगच्या कारागिरांकडे गेलं. नव्या काटकसरी राजाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, त्याने १७१६ मध्ये ती सगळी पॅनेलं पीटर द ग्रेटला भेट देऊन टाकली. म्हणजे श्ल्युटर रशियाला गेला, आणि दोन वर्षांनी त्याच्या मागोमाग त्याची खोली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने ती उचलून क्योनिग्सबर्गला नेली आणि १९४५ मध्ये ती गायब झाली. आज पीटर्सबर्गजवळ आहे ती २००३ मध्ये पुरी झालेली नवी.

पाऊलखुणा

धन्यवाद. पीटर्सबर्गमध्ये त्याचं स्वतःचं काही आहे का? मला पुढच्या वर्षी कामानिमित्त तिकडे जायचा योग येईल असं दिसतंय.

चंद्रशिला

ग्रीष्म उद्यानातला पीटरचा उन्हाळी महाल बघा. इमारत त्रेत्सीनीची, बाहेरच्या भिंतींवर खिडक्यांच्या मधल्या पट्टीत उथळ कोरलेली शिल्पं आहेत, ती श्ल्युटरची मानतात. छोटी आहेत, पटकन नजरेत भरत नाहीत. वर्षभरच जगला तिकडे, त्यामुळे याहून जास्त काही मिळायचं नाही.

रानवाट

माझी बहीण दिवाळीनंतर बर्लिनला चालली आहे, हाताशी एकच मोकळा दिवस आहे. श्ल्युटरसाठी तिने काय पाहावं?

चंद्रशिला

रानवाट, एकच दिवस असेल तर मी हा क्रम सांगेन. सकाळी आलेक्झांडरप्लाट्झजवळचं मारिएनकिर्श, व्यासपीठ बघायला. खालच्या चार स्तंभांकडे नीट बघायला सांग, बहुतेक लोक वरचे देवदूत बघून निघून जातात. तिथून पायी बर्लिनर डोम हे मोठं चर्च. त्यात राणी सोफी शार्लोट आणि राजा फ्रीडरिश यांच्या शवपेट्या आहेत. राणीच्या पायथ्याशी जाड वस्त्रात गुरफटलेला मृत्यू पुस्तकात लिहीत बसला आहे. राजाच्या पायथ्याशी एक शोक करणारी बाई आणि साबणाचे फुगे उडवणारं मूल. माझ्या मते श्ल्युटरचं सगळ्यात खोल काम हेच. रस्ता ओलांडला की हुम्बोल्ट फोरम, आत मूळ पुतळे, बाहेर चौक.

दुपारी बोडे संग्रहालय. तिथे अश्वारूढ पुतळ्याची प्रतिकृती मूळ चौथऱ्यावर आहे आणि कामेके वाड्याच्या मूर्तीही तिथेच. वेळ उरला तर शार्लोटेनबुर्ग महालाच्या अंगणात खरा पुतळा आहे. युद्धात तो हलवला होता, परत आणताना बोटीसकट टेगेलच्या पाण्यात बुडाला, १९४९ मध्ये वर काढला, आणि पुलावर परत न नेता तिथे बसवला.

शस्त्रागाराचं नूतनीकरण २०२१ पासून चालू आहे, त्यामुळे योद्ध्यांच्या चौकात जाता येईल की नाही हे निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यायला सांग.

ओतारी

शार्लोटेनबुर्गला गेली तर पुतळ्याच्या पुढून न बघता आधी बाजूने बघायला सांगा, घोड्याच्या पोटाच्या उंचीवरून. अंगरखा मागे उडालेला आणि घोड्याची मान आत वळलेली, दोन्ही एका रेषेत येतात ते तिथूनच.